उपाहारगृहात आणि परमिट रूममध्ये वाढणाऱ्या माणसांशी ग्राहकाने कसे वागावे?

सायली_कोथरूड (प्रश्न)

नमस्कार. पुढच्या महिन्यात माझ्या सासऱ्यांची पंचाहत्तरी आहे आणि त्यानिमित्त आम्ही कर्वे रस्त्यालगतच्या एका उपाहारगृहात रात्रीच्या जेवणाचा बेत केला आहे. पंचवीसेक माणसे असतील. त्यांत शाळकरी मुले आहेत, पथ्यपाणी सांभाळणारी वडीलधारी मंडळी आहेत, आणि त्या जागेला परमिट रूमचा परवाना असल्यामुळे जेवणाआधी मद्य घेणारे काही पाहुणेही आहेत. पदार्थ, केक, हार, सगळे ठरले आहे. माझा प्रश्न त्या दिवशी आम्हाला वाढणाऱ्या माणसांविषयी आहे.

माझा भाचा हॉटेल व्यवस्थापन शिकतो आणि अभ्यासक्रमाचा भाग म्हणून त्याने एका मोठ्या हॉटेलात वेटरचे काम केले. तो जे सांगतो ते ऐकून मी अस्वस्थ झाले. लोक चुटकी वाजवून बोलावतात, वडिलांच्या वयाच्या माणसाला 'ए' म्हणून हाक मारतात, वेटर ऑर्डर घ्यायला उभा असताना फोनवरचे बोलणे न थांबवता मेनूवर नुसते बोट ठेवतात, आणि भाजी खारट निघाली की ती ज्याने केलेलीच नाही त्या माणसाला सगळ्यांसमोर फैलावर घेतात. आमच्या घरातही दोन-तीन ज्येष्ठांना ही सवय आहे. कोणाचा अपमान करावा असे त्यांच्या मनात नसते, हे मला ठाऊक आहे. पण ज्याला ऐकून घ्यावे लागते त्याला त्यांचे मन कसे दिसणार?

या क्षेत्रात ज्यांनी काम केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. हाक कशी मारावी, एवढ्या मोठ्या गटाची ऑर्डर कशी दिली म्हणजे वाढणाऱ्यांची तारांबळ होणार नाही, बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला असेल तर वेगळी टिप द्यावी की नाही, आणि एखादी गोष्ट खरोखरच चुकली तर ती कोणाला व कशी सांगावी, हे मला समजून घ्यायचे आहे. घरच्यांना आधीच चार गोष्टी सांगून ठेवाव्यात असा विचार आहे.

---

निवृत्त_कॅप्टन (प्रतिसाद)

सायलीताई, मी उडुपी हॉटेलात टेबले पुसण्यापासून सुरुवात केली आणि मुंबईतल्या एका रेस्टॉरंट-बारमधून कॅप्टन, म्हणजे वेटरांवर देखरेख करणारा, म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

हाक मारण्याचे आधी सांगतो. हात खांद्याइतका वर करून नजरानजर होण्याची क्षणभर वाट पाहिली तर बहुतेक वेळा हाक मारावीच लागत नाही. मारायचीच असेल तर 'दादा', 'भाऊ', वयस्कर माणसाला 'काका' किंवा 'मामा', उडुपी हॉटेलात 'अण्णा', वाढणारी बाई असेल तर 'ताई', यांतले काहीही चालते आणि साधे 'अहो'ही चालते. आज मुंबई-पुण्यातले कितीतरी वेटर उत्तर प्रदेश, ओडिशा, बंगाल, ईशान्य भारत किंवा नेपाळमधून आलेले असतात. त्यांचे मराठी कच्चे आहे असे दिसले की काही ग्राहक त्यांना मुद्दाम अडवून टोचून बोलतात. नोकरीवर उभा असलेला माणूस ग्राहकाला उलट उत्तर देऊ शकत नाही, आणि जो उत्तर देऊ शकत नाही त्याची अशी परीक्षा घेणे मराठी माणसाला शोभत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. सावकाश बोलावे, मेनूवरचे नाव दाखवावे, आणि त्याने ऑर्डर परत वाचून दाखवली की ती लक्ष देऊन ऐकावी. निम्म्या चुका तिथेच सापडतात.

आता ऑर्डरचे. वेटरने घेतलेली ऑर्डर के.ओ.टी. (किचन ऑर्डर टिकेट, म्हणजे स्वयंपाकघरासाठीची चिठ्ठी) म्हणून आत जाते आणि तिथे तिची फाटाफूट होते. तंदूरवरचा माणूस वेगळा असतो, चायनीजची भट्टी वेगळी असते, ग्रेव्हीच्या भाज्या करणारा वेगळा आणि डोसा-उत्तप्प्याचा तवा वेगळा. शिवाय त्याच वेळी आणखी दहा टेबलांच्या चिठ्ठ्या प्रत्येकासमोर टांगलेल्या असतात. त्यामुळे एकाच टेबलावर मंचुरियन लगेच येते आणि तंदुरी कोंबडीला वीस मिनिटे लागतात. आचाऱ्याला घाई करण्याचा अधिकार वेटरला नसतो. तो फार तर पिकअपच्या खिडकीत उभा राहून विनवणी करू शकतो, आणि गर्दीच्या वेळी तिथेही त्याला बोलणीच खावी लागतात. बाहेर ग्राहक आणि आत आचारी, अशा दोन्ही बाजूंनी ऐकून घेणारा तो एकटा असतो. हे ज्याला कळले त्याचा आवाज आपोआप खाली येतो, असे मी पाहिले आहे.

पंचवीस माणसांसाठी स्टार्टर आणि मुख्य पदार्थ आदल्या दिवशीच निश्चित करून मॅनेजरकडे लिहून द्यावेत. त्या दिवशी घरातल्या एकाच व्यक्तीने वेटरशी बोलावे. पाच जणांनी पाच बाजूंनी रोट्या मागवल्या की नको तितक्या रोट्या येतात आणि मग परत नेण्यावरून वाद होतो. जैन जेवण, कांदा-लसूण नको, शेंगदाण्याची ॲलर्जी, मधुमेह, हे सगळे ऑर्डरच्या आधी सांगावे, कारण के.ओ.टी. आत गेल्यावर दिलेला निरोप पोहोचेपर्यंत फोडणी पडलेली असते. शाकाहारी मंडळींना शक्यतो सलग बसवावे आणि एकदा बसल्यावर जागा बदलू नयेत, कारण कोणाला काय द्यायचे हे वेटर जागेवरून लक्षात ठेवतो. त्या दिवशी संकष्टी आहे का, हेही पाहून घ्या. चंद्रोदयानंतर उपवास सोडणारी सगळी माणसे एकदम जेवायला बसतात आणि त्या अर्ध्या तासात वाढणाऱ्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. कॅलेंडरमध्ये चंद्रोदयाची वेळ दिलेली असते, ती मॅनेजरला आधी सांगितली तर तो दोन माणसे जास्त लावून ठेवतो.

मुलांना टेबलांमधून धावू देऊ नये, हे सर्वांत महत्त्वाचे. हातात तापलेल्या लोखंडी पात्रावरचा सिझलर किंवा सुपाचे चार वाडगे असताना वेटरला पायाखालचे दिसत नाही. तसेच त्याच्या हातातल्या ट्रेमधून मदत म्हणून स्वतः ग्लास उचलू नयेत. ट्रेचा तोल त्याने मनात धरलेला असतो आणि एका बाजूचे दोन ग्लास अचानक उचलले की उरलेले सगळे कोणाच्या तरी अंगावर जातात. लांबची रिकामी ताटली हातात दिली तर तो आभारच मानेल, मात्र ताटल्यांच्या मध्ये काचेचे ग्लास दडपून थर रचू नयेत. काच फुटली तर स्वतः वेचू नये, त्याला सांगावे आणि पैसे द्यावे लागतात का ते मॅनेजरला विचारावे. पगारातून अशी रक्कम कापण्यावर कायद्याने बंधने घातली आहेत, तरी लहान हॉटेलांत फुटलेला ग्लास किंवा बिल न देता निघून गेलेले गिऱ्हाईक वेटरच्याच माथी मारले जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

या धंद्यात ब्रेक शिफ्ट नावाचा प्रकार आहे. माणूस सकाळी दहा-अकराला येतो, दुपारी तीनच्या सुमारास सुटतो, संध्याकाळी सातला पुन्हा उभा राहतो आणि शेवटचे टेबल उठेपर्यंत थांबतो. मधल्या वेळात घरी जाणे जमत नाही, कारण घर विरारला किंवा बदलापूरला असते. रात्री शेवटची लोकल चुकली तर पहिल्या गाडीपर्यंत टेबले जोडून तिथेच पडावे लागते. म्हणून वेटर 'लास्ट ऑर्डर' विचारायला आला की तो आपल्याला हाकलतो आहे असे समजू नये. त्यानंतरही मागवलेला एक चहा आचाऱ्याला, वेटरला आणि मोरीवर भांडी घासणाऱ्याला थांबवून ठेवतो.

टिपविषयीही थोडे सांगतो. बऱ्याच ठिकाणी सगळी टिप एका पेटीत जमा होते आणि हुद्दा व जुनेपणा पाहून ठरलेल्या पॉइंटप्रमाणे वाटली जाते. काही ठिकाणी ज्याचे टेबल त्याची टिप असते आणि मोरीवरच्या माणसाला काहीच मिळत नाही. तुमच्या हॉटेलात काय पद्धत आहे हे विचारण्यात काही गैर नाही. कार्डावर किंवा क्यूआर कोडने दिलेली रक्कम मालकाच्या खात्यात जाते आणि ती नोकरांपर्यंत कधी व किती पोहोचते हे मालकावर अवलंबून असते, म्हणून टिप रोख द्यावी. आपल्याकडे टक्केवारीचा सक्तीचा नियम नाही. लहान बिलाला वरचे सुटे, मध्यम बिलाला पाच ते दहा टक्के, अशी सर्वसाधारण रीत आहे. तुमच्यासारख्या समारंभात पाच-सहा माणसे तीन तास राबतात, तेव्हा रकमेचा विचार माणसांची संख्या पाहून करावा.

---

बिलवाचक (प्रतिसाद)

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मी सर्व्हिस चार्जपुरते लिहितो, कारण टेबलावरचे निम्मे वाद बिल आल्यावर सुरू होतात आणि ते चुकीच्या माणसाशी घातले जातात.

सर्व्हिस चार्ज हा सरकारी कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून असे ठरवले की उपाहारगृहाने तो बिलात आपोआप लावू नये, दुसऱ्या नावाने वसूल करू नये, ग्राहकावर त्याची सक्ती करू नये, तो न देणाऱ्याला प्रवेश नाकारू नये, आणि खाद्यपदार्थांच्या बिलात मिळवून त्या एकूण रकमेवर जीएसटी आकारू नये. उपाहारगृहचालकांच्या संघटनांनी याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केल्या. २८ मार्च २०२५ रोजी एकल न्यायपीठाने त्या फेटाळल्या आणि ही तत्त्वे कायम ठेवली. संघटनांनी त्यावर अपील केले आहे. तेव्हा बिलात ही रक्कम दिसली तर ती काढून टाकण्याची विनंती आपण करू शकतो आणि नकार मिळाला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

पण ही विनंती बिल घेऊन येणाऱ्या वेटरला दरडावून करण्यात काहीच अर्थ नाही. बिलाचा आराखडा मालकाने ठरवलेला असतो आणि संगणकावरून एक ओळ पुसण्याचा अधिकारही वेटरला नसतो. मॅनेजरला बाजूला बोलावून शांतपणे सांगावे. सायलीताईंनी तर आरक्षण करतानाच हा प्रश्न मिटवून घ्यावा, म्हणजे सासऱ्यांच्या वाढदिवसाला गल्ल्यापाशी घासाघीस होणार नाही. सर्व्हिस चार्ज काढून घेतला तर वाचलेल्या रकमेतून वाढणाऱ्यांना रोख टिप द्यावी, असे माझे मत आहे. आपला आक्षेप मालकाने परस्पर लावलेल्या रकमेला असतो. वाढणाऱ्यांना काही मिळू नये, असा त्याचा अर्थ होता कामा नये.

बिलात आणखी एक गोष्ट लोकांना बुचकळ्यात टाकते. साध्या उपाहारगृहात खाद्यपदार्थांवर ५ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच. मद्य मात्र जीएसटीच्या कक्षेबाहेर आहे आणि त्यावर राज्याचा व्हॅट वेगळा लागतो, जो परमिट रूममध्ये दिल्या जाणाऱ्या मद्यावर महाराष्ट्र शासनाने १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के केला. त्यामुळे एकाच मेजवानीचा हिशेब दोन निराळ्या करांनी मांडलेला दिसतो आणि कोणीतरी वेटरला विचारतो की दोनदा कर कसा लावला. मद्याचे बिल वेगळे मागून घ्यावे. घरातल्या हिशेबालाही ते सोयीचे पडते.

---

सातारकर_स्पष्ट (प्रतिसाद)

मला टिपची पद्धतच मान्य नाही आणि हे मी पूर्ण विचारांती लिहीत आहे. माणसाला पुरेसा पगार देणे हे मालकाचे काम आहे. ग्राहकाने वरून पैसे टाकून ती उणीव भरत राहिले तर मालकाला पगार वाढवण्याची गरजच उरत नाही. शिवाय टिप देणाऱ्याच्या मनात आपण उपकार करतो आहोत अशी भावना शिरते आणि ती बोलण्यात उतरते. मोठी टिप देणारे लोकच सर्वांत जास्त उद्धटपणे वागताना मी पाहिले आहेत. जुन्या खानावळीत ताट वाढणाऱ्या मामांना कोणी टिप देत नसे, पण त्यांना सगळे अहो-जाहो करत आणि त्यांच्या मुलाबाळांची चौकशी करत. मला तो व्यवहार अधिक बरोबरीचा वाटतो. माणसाला पैसे न देता मान देता येतो, मात्र पैसे देऊन अपमान केला तर तो भरून निघत नाही.

---

निवृत्त_कॅप्टन (प्रतिसाद)

सातारकर, तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. मात्र खानावळीत रोज येणारे गिऱ्हाईक होते आणि त्या मामांना दिवाळीला प्रत्येकाकडून पोस्त मिळत असे, हेही तितकेच खरे आहे. मुंबईच्या कानडी रात्रशाळांत हॉटेलात काम करणारी हजारो मुले शिकली. माझ्याबरोबरचे काही जण तसेच मॅट्रिक झाले आणि त्यांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च बराचसा टेबलावर सुटलेल्या नाण्यांतूनच निघे. मालकाने पगार वाढवावा यासाठी जरूर बोलावे. पण तो वाढेपर्यंत आज रात्री उभ्या असलेल्या माणसाला आपल्या तत्त्वाची किंमत मोजायला लावू नये.

---

रात्रपाळी (प्रतिसाद)

मी मुंबईत बारच्या काउंटरमागे काम करते. इथे अजून मद्याच्या बाजूचे कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहिते.

आपल्या राज्यात बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१ वर्षे आहे आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे. गोव्यात ती १८ असल्यामुळे तिथून येणाऱ्या तरुण पाहुण्यांना हे खरेच वाटत नाही. मी ओळखपत्र मागते तेव्हा समोरच्याच्या प्रामाणिकपणावर शंका घेत नसते. तपासणी झाली तर परवाना धोक्यात येतो आणि नोकरी माझी जाते. वडील मंडळींनी "मी सांगतो ना, दे त्याला" म्हणून दडपण आणू नये. सायलीताई, तुमच्या पाहुण्यांत २१ ते २५ या वयातले कोणी असतील तर त्यांना आधीच कल्पना द्या. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्य पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो आणि 'परमिट रूम' ही पाटी त्यातूनच आली आहे. हॉटेलाने परवान्यासाठी विचारले तर त्यावर हसू नये.

"जरा हात सैल सोड" ही विनंती मी रोज ऐकते. लहान पेग ३० मिलिलिटरचा आणि मोठा ६० चा, तो मापानेच भरावा लागतो. रात्री प्रत्येक बाटलीतली शिल्लक विक्रीशी ताडून पाहिली जाते आणि शिल्लक कमी निघाली तर त्याचा जाब बारवरच्या माणसाला द्यावा लागतो. बाहेरून आणलेली बाटली टेबलाखाली उघडणे, किंवा वेळ संपल्यावर "शेवटचा एकच" म्हणून अडून बसणे, हेही त्याच प्रकारात मोडते. आमच्यापैकी कोणी एखाद्या पाहुण्याला आता पुरे असे सांगितले तर सोबतच्यांनी त्याची समजूत घालावी. तो नकार द्यायला आम्हाला बरेच धैर्य गोळा करावे लागते, आणि सोबतचेच हसले तर पुढच्या वेळी ते होत नाही.

बाईने बारमध्ये काम करणे हा तिचा हक्क आहे. जिथे मद्य प्यायले जाते तिथे स्त्रियांना नोकरीस मनाई करणारे पंजाब अबकारी कायद्यातले कलम दिल्लीच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते आणि न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये ते घटनाबाह्य ठरवले. तरी लग्न झाले का, घरच्यांना चालते का, रात्री घरी कशी जातेस, हे प्रश्न मला अनोळखी माणसे सहज विचारतात. विचारणाऱ्याला ती आपुलकी वाटते, पण मला काउंटर सोडून जाता येत नाही हे त्याच्या लक्षात येत नाही. न विचारता फोटो किंवा चित्रफीत काढणे, पैसे देताना बोटे धरून ठेवणे, बिलाच्या घडीत फोन नंबर सरकवणे, यांपैकी काहीही होऊ नये. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही सुरक्षितता देण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे, म्हणजे त्यात ग्राहकही आला. टिप द्यायची तर ती बिलाच्या फोल्डरमध्ये ठेवावी. महाराष्ट्रातल्या डान्सबारविषयीच्या जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कलावंतांना टिप देण्यास हरकत घेतली नाही, पण अंगावर नोटा उधळण्यावरची बंदी कायम ठेवली. पैसे देण्याची एक सभ्य रीत असते आणि एक असभ्य रीत असते, हे तिथे न्यायालयालाही पाहावे लागले, याचा मला आजही विषाद वाटतो.

---

न्यूजर्सीकर (प्रतिसाद)

भारतातून मुलांकडे येणाऱ्या आई-वडिलांसाठी एक पुरवणी. अमेरिकेत हा विषय ऐच्छिक सौजन्याचा राहत नाही. संघराज्याच्या कायद्यानुसार टिप मिळणाऱ्या कर्मचाऱ्याला मालकाने ताशी फक्त २.१३ डॉलर दिले तरी चालतात, टिप धरून ती रक्कम किमान वेतनापर्यंत पोहोचली म्हणजे झाले. हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत पूर्ण किमान वेतन द्यावेच लागते, पण अनेक राज्यांत वेटरचे घर टिपवरच चालते. त्यामुळे इथे बसून जेवल्यावर १५ ते २० टक्के टिप न देता उठणे म्हणजे त्याच्या मजुरीचा भाग बुडवणे होय. आमच्या मराठी मंडळांच्या गटांबाबत मी हे मुद्दाम सांगतो, कारण सगळ्यांसाठी बिनबर्फाचे पाणी, जास्तीच्या बश्या, आठ वेगवेगळी बिले असे सगळे मागून शेवटी दोन डॉलर ठेवून निघालेली माणसे मी पाहिली आहेत. मोठ्या गटाच्या बिलात टिप आधीच मिळवलेली असू शकते, तेवढे मात्र वाचून घ्यावे.

---

सायली_कोथरूड (प्रतिसाद)

सर्वांचे मनापासून आभार. कॅप्टनकाका, आपल्याला 'काका' म्हटले तर चालेल ना? दोन शंका उरल्या आहेत. सासऱ्यांना प्रत्येक वाढणाऱ्याला स्वतःच्या हाताने पाकीट द्यायचे आहे आणि केकही भरवायचा आहे. हे त्यांना आवडेल की अवघडल्यासारखे होईल? आणि पदार्थ खरोखर बिघडलेला निघाला तर सगळ्यांसमोर न बोलता तो परत कसा पाठवावा?

---

निवृत्त_कॅप्टन (प्रतिसाद)

जरूर काका म्हणा.

पाकिटाची कल्पना फार चांगली आहे. फक्त आधी मॅनेजरला विचारून किती जण सेवेत आहेत ते समजून घ्या आणि त्यात आचारी, हेल्पर आणि मोरीवरचा माणूस धरा, नाहीतर पाकीट न मिळालेला माणूस आत तसाच राहतो आणि बाहेरच्यांनाही ते घेताना संकोच वाटतो. जेवण चालू असताना देऊ नका, कारण हातात भांडी असतात. बिल झाल्यावर सासरेबुवांनी दाराजवळ दोन मिनिटे उभे राहून एकेकाला दिले तर सर्वांना आनंद होईल. नोकरीवर असलेल्या माणसाला मद्याचा आग्रह कधीही करू नये.

केक मात्र भरवू नका. कोणाचा उपवास असतो, कोणी अंडे खात नाही, आणि पंचवीस पाहुण्यांसमोर तोंड उघडून उभे राहणे कोणालाही अवघड जाते. कापल्याबरोबर, पाहुण्यांना वाटण्याआधी, एक मोठा तुकडा स्वच्छ बशीत वेगळा काढून आत पाठवा. उरलेले पाठवायचे असेल तर न हाताळलेलेच पाठवा. स्टाफचे जेवण उशिरा असते, तेव्हा सगळे मिळून खातील.

बिघडलेल्या पदार्थाविषयी सांगायचे तर पहिल्या दोन घासांतच सांगा. अर्धे भांडे संपल्यावर सांगितले की आत कोणी विश्वास ठेवत नाही आणि वेटर मध्ये सापडतो. त्याला जवळ बोलावून हळू आवाजात नेमके सांगावे, म्हणजे मीठ जास्त आहे, मटण शिजलेले नाही, किंवा जैन मागितले होते आणि कांदा आला आहे. नुसते "कसले जेवण आहे हे" म्हटल्याने आचाऱ्याला काय दुरुस्त करायचे ते कळत नाही. बदलून मिळाले नाही तर कॅप्टनला आणि मग मॅनेजरला बोलवा. ज्याने चांगले वाढले त्याचे नावही त्याच मॅनेजरला आवर्जून सांगा, कारण पगारवाढीच्या वेळी ते उपयोगी पडते आणि असे सांगणारी माणसे फार थोडी असतात.

वृद्ध मंडळींसाठी एक गोष्ट राहिली होती. त्यांना मुख्य जेवण नऊच्या आत हवे असेल तर मद्य घेणाऱ्यांचे टेबल वेगळे लावून त्याची के.ओ.टी.सुद्धा वेगळी करायला आरक्षणाच्या वेळीच सांगा, म्हणजे एका टेबलावरच्या चखण्यासाठी दुसऱ्या टेबलावरचा वरण-भात खोळंबणार नाही.